अणुभट्टीच्या नळांतील भेगा : ताण, पाणी आणि दुरुस्त केलेला जोड

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील पेन्ली अणुविद्युत केंद्रातील पहिल्या अणुभट्टीत एका पोलादी नळाला मोठी भेग पडल्याचे मार्च २०२३ मध्ये जाहीर झाले. नळाच्या भिंतीची जाडी २७ मिलिमीटर होती आणि भेग जास्तीत जास्त २३ मिलिमीटर खोल गेली होती. तिची लांबी १५५ मिलिमीटर, म्हणजे नळाच्या परिघाचा सुमारे चौथा हिस्सा होती. पाणी बाहेर येण्यास काही मिलिमीटर धातूच काय तो उरला होता. किरणोत्साराची गळती झाली नाही, कोणाला इजा झाली नाही. तरीही फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामक संस्थेने या घटनेला आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर दुसऱ्या पातळीचे स्थान दिले. शून्य ते सात अशा या श्रेणीत बहुतेक किरकोळ घटना शून्यावर किंवा एकवर थांबतात.

त्याहून लक्षणीय बाब भेगेच्या जागेची होती. भेग ज्या जोडाजवळ सापडली, तो अणुभट्टी उभारली जात असतानाच दोन वेळा दुरुस्त करण्यात आला होता. मूळ वेल्डिंगमधील दोष काढण्यासाठी केलेल्या दुरुस्तीनेच धातूच्या पोटात असा ताण पेरून ठेवला होता, की ज्यामुळे पुढे भेगेला वाव मिळाला. अणुऊर्जा उद्योगाला गेली सहा दशके छळणाऱ्या 'स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग' या व्याधीचे स्वरूप या एका उदाहरणातून स्पष्ट होते. मराठीत तिला ताणजन्य क्षरणभेग म्हणता येईल.

तीन कारणांचा संगम

स्टेनलेस स्टील गंजत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. स्वयंपाकघरातील चांगल्या भांड्यांवर '१८-८' असा उल्लेख असतो. त्याचा अर्थ त्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल आहे. क्रोमियमचा हवेतील अथवा पाण्यातील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ, पण घट्ट असा ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. ओरखडा उठला तरी पापुद्रा पुन्हा भरून येतो. अणुभट्टीतील अनेक महत्त्वाचे नळ याच कुळातील पोलादाचे असतात.

मात्र हे संरक्षण काही परिस्थितीत दुबळे पडते. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली म्हणजे क्षरणाला बळी पडू शकणारा धातू, दुसरी म्हणजे त्या धातूवर सतत असणारा खेच-ताण, आणि तिसरी म्हणजे त्याला अनुकूल असे रासायनिक वातावरण. यांपैकी एक जरी बाजूला केली तरी भेग पडत नाही किंवा पडलेली वाढत नाही. तिन्ही जुळल्या, तर मात्र ताणाने संरक्षक पापुद्रा सूक्ष्म जागी फाटतो, उघड्या पडलेल्या धातूवर पाणी हल्ला करते, नवा पापुद्रा बनतो, तोही ताणाने पुन्हा फाटतो आणि भेग कणाकणाने आत सरकत जाते.

साध्या गंजाप्रमाणे येथे धातू झिजत नाही, पृष्ठभागावर तांबूस थर दिसत नाही, नळ बाहेरून नव्यासारखा राहतो. भेगेची सुरुवात व्हायला अनेक वर्षे, कधी दशके लागू शकतात. ती बहुधा नळाच्या आतल्या, म्हणजे पाण्याच्या बाजूने सुरू होते. त्यामुळे डोळ्यांनी पाहून तिचा पत्ता लागत नाही.

वेल्डिंगचा जोडच का?

नळांच्या या व्याधीतील बहुतेक भेगा वेल्डिंगच्या जोडाजवळच सापडतात. त्याला दोन स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले कारण धातूच्या रचनेत आहे. पोलाद असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते. वेल्डिंग करताना जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यातून जातो. या तापमानाला पोलादातील कार्बन कणांच्या सीमारेषांवर जमतो आणि तेथील क्रोमियमशी संयोग पावून क्रोमियम कार्बाइड बनवतो. परिणामी सीमारेषेलगतच्या अरुंद पट्ट्यात क्रोमियम कमी पडते आणि संरक्षक पापुद्रा नीट बनत नाही. विटा मजबूत असाव्यात, पण त्यांमधील दर्जा भुसभुशीत व्हावा, असा हा प्रकार होय. भेग मग कणांच्या सीमांमधूनच वाट काढते.

दुसरे कारण ताणाचे आहे. वेल्डिंगमध्ये वितळलेला धातू थंड होताना आकसतो. भोवतालचा थंड, घट्ट नळ त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत जोडाच्या परिसरात कायमचा ताण अडकून पडतो. नळात पाणी नसताना, दाब नसताना, अणुभट्टी बंद असतानाही तो तेथेच असतो. अभियंते त्याला अवशिष्ट ताण म्हणतात. जोड घासून सपाट करताना ग्राइंडरने पृष्ठभागाचा थर कडक होतो, तीही भर त्यात पडते. नळाची दोन टोके सरळ रेषेत येत नसतील आणि ती ओढून जुळवली असतील, तर त्याचाही ताण जोडावर राहतो.

जाड नळाच्या सामान्य जोडात हा ताण आतल्या पृष्ठभागाजवळ खेचणारा आणि भिंतीच्या मध्यभागी दाबणारा असतो. त्यामुळे आतून निघालेली भेग काही मिलिमीटर गेल्यावर मंदावण्याची शक्यता असते. दुरुस्त केलेल्या जोडात हे गणित बदलते. दोष आढळल्यावर जोडाचा तेवढाच भाग खोल घासून काढला जातो आणि त्या खळग्यात नवा धातू भरला जातो. हा छोटा तुकडा चहूबाजूंनी आधीच घट्ट झालेल्या धातूत अडकलेला असतो. तो आकसताना आसपासच्या धातूला अधिक जोराने ओढतो आणि खेच-ताण भिंतीत खोलवर पोहोचू शकतो. भेगेची वाट अडवणारा दाबाचा पट्टाच मग पातळ होतो किंवा नाहीसा होतो. पेन्लीची भेग इतकी खोल कशी गेली, याचे उत्तर शोधताना तज्ज्ञांचे लक्ष जोडाच्या दुहेरी दुरुस्तीकडे गेले ते यामुळेच.

अमेरिकेतील धडे

हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो अमेरिकेतील उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत. या प्रकारात अणुइंधनाच्या उष्णतेने भट्टीतच पाणी उकळते आणि ती वाफ थेट टर्बाइनकडे जाते. पाण्याचे तापमान सुमारे २८५ अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७० पट असतो. किरणोत्सारामुळे पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन त्यात प्राणवायू विरघळलेला राहतो. जोडाजवळचे क्रोमियम कमी झालेले पोलाद, वेल्डिंगचा ताण आणि प्राणवायूयुक्त गरम पाणी अशी तिन्ही कारणे तेथे एकत्र आली.

इलिनॉय राज्यातील ड्रेस्डेन केंद्रात १९६५ मध्ये अशा भेगा आढळल्या. १९७४ च्या उत्तरार्धात त्याच केंद्रातील दुसऱ्या अणुभट्टीच्या नळांत त्या पुन्हा दिसल्या. अमेरिकेचा अणुनियामक आयोग जानेवारी १९७५ मध्ये अस्तित्वात आला आणि त्याच महिन्यात त्याला या प्रकारच्या २३ अणुभट्ट्या तपासणीसाठी थांबविण्याचा आदेश काढावा लागला. तोवर त्रास मुख्यतः लहान व्यासाच्या नळांना होता. मोठे नळ त्यातून सुटतील अशी आशा होती. १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नाइन माइल पॉइंट केंद्रात पुनराभिसरण यंत्रणेच्या २८ इंची नळांत भेगा सापडल्या आणि ती आशा मावळली. तेथील नळ बदलावे लागले.

यातून उद्योगाने तीन उपाय उचलले. पोलादातील कार्बनचे प्रमाण घटवले गेले. जुन्या '३०४' प्रकारात ते ०.०८ टक्क्यांपर्यंत चालत असे. नव्या प्रकारांत ते ०.०३ टक्के किंवा त्याहूनही कमी ठेवण्यात आले. पाण्यात हायड्रोजन सोडून मुक्त प्राणवायू कमी करण्यात आला. आणि जोडांवरील खेच-ताण घटविण्याच्या किंवा त्याला दाबात बदलण्याच्या पद्धती विकसित झाल्या. तीन कारणांपैकी प्रत्येकावर एक, असे हे उपाय होते.

तरीही प्रश्न संपला नाही. जपानमध्ये कमी कार्बनच्या पोलादालाही भेगा पडल्याचे पुढे दिसून आले. यंत्रकाम आणि ग्राइंडिंगमुळे कडक झालेला पृष्ठभागाचा थर तेथे कारणीभूत होता. 'टेपको' या कंपनीने अशा भेगांच्या नोंदी दडविल्याचे २००२ मध्ये उघडकीस आले, कंपनीच्या अध्यक्षांसह वरिष्ठांना पदे सोडावी लागली आणि एप्रिल २००३ मध्ये तिच्या सर्व १७ अणुभट्ट्या तपासणीसाठी बंद होत्या.

दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्ट्यांत परिस्थिती वेगळी मानली जात होती. तेथे भट्टीतील पाणी सुमारे १५५ पट दाबाखाली ठेवून उकळू दिले जात नाही आणि त्यात हायड्रोजन विरघळवलेला असतो. प्राणवायू जवळजवळ नसल्याने स्टेनलेस स्टीलला धोका नाही, असे गृहीत होते. तेथील चिंता निकेलयुक्त मिश्रधातूंची होती. दक्षिण कॅरोलायना राज्यातील व्ही. सी. समर केंद्रात ऑक्टोबर २००० मध्ये मुख्य नळाच्या जोडाजवळ बोरिक आम्लाचे पांढरे स्फटिक साचलेले दिसले. पाण्यात मिसळलेले बोरॉन गळतीबरोबर बाहेर येऊन तेथे सुकले होते. निकेलयुक्त वेल्डमधून भेग आरपार गेली होती. आणि तोही जोड उभारणीच्या वेळी मोठ्या प्रमाणावर दुरुस्त केलेला होता. पेन्लीच्या दोन दशके आधी मिळालेला हा इशारा होता.

फ्रान्समधील हिवाळा

सिव्हो केंद्रातील पहिल्या अणुभट्टीची दहा वर्षांनी येणारी सर्वंकष तपासणी २०२१ मध्ये सुरू होती. आणीबाणीत भट्टीत पाणी सोडणाऱ्या सुरक्षा यंत्रणेच्या नळांवर अल्ट्रासोनिक तपासणीत काही संशयास्पद खुणा उमटल्या. शीतक पाणी कमी झाले, तर इंधन वितळू नये म्हणून बोरॉनयुक्त पाणी याच नळांतून आत येते. नळाचे भाग कापून प्रयोगशाळेत पाठविण्यात आले. तेथे ताणजन्य क्षरणभेगांवर शिक्कामोर्तब झाले. ज्या पोलादाला ज्या पाण्यात ही व्याधी होणार नाही असे गृहीत होते, त्यालाच ती जडली होती.

डिसेंबर २०२१ मध्ये 'ईडीएफ' या सरकारी वीज कंपनीने सिव्हो आणि शूझ या केंद्रांतील १४५० मेगावॉटच्या चारही अणुभट्ट्या बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. पाठोपाठ १३०० मेगावॉट गटातील पेन्लीच्या पहिल्या अणुभट्टीतही तशाच भेगा आढळल्या. २०२२ च्या वसंतात या एका कारणासाठी बारा अणुभट्ट्या थांबलेल्या होत्या. फ्रान्सकडे त्या वेळी एकूण ५६ अणुभट्ट्या होत्या आणि अनेक भट्ट्या नेहमीच्या देखभालीसाठीही बंद होत्या.

वेळ याहून वाईट असू शकली नसती. युक्रेन युद्धामुळे रशियाकडून येणारा नैसर्गिक वायू आटला होता आणि युरोपात विजेचे दर भडकले होते. फ्रान्सची अणुवीज २०२१ मध्ये सुमारे ३६१ अब्ज युनिट होती. २०२२ मध्ये ती २७९ अब्ज युनिटांवर, तीन दशकांहून अधिक काळातील नीचांकावर आली. एरवी शेजाऱ्यांना वीज विकणारा हा देश चार दशकांनंतर प्रथमच वर्षभराच्या हिशेबात वीज आयात करणारा ठरला. 'ईडीएफ'ला त्या वर्षी १७.९ अब्ज युरोंचा तोटा झाला. त्यात अन्य कारणांचाही वाटा होता. तथापि काही मिलिमीटरच्या भेगांनी देशाच्या अर्थकारणाला धक्का देता येतो, हे सिद्ध झाले.

तपासात दोन गोष्टी पुढे आल्या. या नळांच्या काही आडव्या भागांत गरम पाणी वर आणि तुलनेने थंड पाणी खाली असे थर बनत होते. नळाची वरची बाजू अधिक प्रसरण पावू पाहते, खालची बाजू तिला रोखते आणि जोडांवर अतिरिक्त ताण येतो. नळांची मांडणी कशी आहे यावर हे अवलंबून असल्याने १४५० मेगावॉटच्या आणि १३०० मेगावॉटच्या नव्या गटातील भट्ट्यांना अधिक त्रास झाला. ९०० मेगावॉटच्या जुन्या भट्ट्या बहुतांशी बचावल्या. दुसरी गोष्ट म्हणजे वेल्डिंगने कडक झालेला जोडालगतचा पट्टा.

पेन्लीची मोठी भेग मात्र या चौकटीत बसत नव्हती. ती ज्या नळावर सापडली, तो फारसा संवेदनशील मानला जात नव्हता. त्यामुळे नळाची मांडणी पाहून तपासणीचा क्रम ठरविणे पुरेसे नाही, हे मान्य करावे लागले. कंपनीने उभारणीच्या काळातील कागदपत्रे धुंडाळून दुरुस्त झालेल्या सुमारे ३२० जोडांची यादी केली आणि त्यांतील ९० टक्के जोड मार्च २०२४ अखेर तपासण्याचा कार्यक्रम आखला. दशकांपूर्वी एखाद्या वेल्डरच्या कामावर पर्यवेक्षकाने केलेली नोंद अशा रीतीने सुरक्षेचा आधार बनली. ती नोंद नसती, तर कोणता जोड आधी पाहावा हे सांगता आले नसते.

भेग शोधणे अवघड का?

नळाच्या आतली भेग बाहेरून शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे अल्ट्रासोनिक तपासणी. कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी धातूत सोडल्या जातात आणि भेगेवर आदळून परतणारा प्रतिध्वनी टिपला जातो. वैद्यकीय सोनोग्राफीचेच हे औद्योगिक रूप होय. साध्या पोलादात ती चांगली चालते. स्टेनलेस स्टीलच्या जोडात मात्र वेल्डचे स्फटिककण मोठे आणि लांबट असतात. ते लहरींना वाकवतात, विखुरतात आणि स्वतःचेही प्रतिध्वनी देतात. फांद्याफांद्यांची क्षरणभेग या गोंगाटात हरवते.

फ्रान्समधील जुनी तपासणी उष्णतेच्या चढउतारामुळे पडणाऱ्या भेगा शोधण्यासाठी बेतलेली होती. क्षरणभेगा तेथे अपेक्षितच नसल्याने त्यांचे संकेत निरुपद्रवी म्हणून सोडून दिले जाण्याचा धोका होता. शिवाय सुरुवातीच्या पद्धतीने भेग आहे की नाही हे कळे, तिची खोली खात्रीने कळत नसे. म्हणून प्रारंभी नळ कापूनच खातरजमा करावी लागली. पुढे सुधारित पद्धत विकसित झाल्यावर नळ न कापता खोली मोजणे शक्य झाले.

'फुटण्याआधी गळेल' हा या क्षेत्रातील एक महत्त्वाचा भरवसा आहे. स्टेनलेस स्टील चिवट असल्याने भेग आरपार गेली तरी नळ एकदम तुटत नाही. आधी थोडे पाणी गळते, ते उपकरणांच्या लक्षात येते आणि भट्टी बंद करता येते. व्ही. सी. समरमधील भेग नळाच्या लांबीच्या दिशेने होती, त्यामुळे तेथे हा भरवसा खरा ठरला. भेग परिघाच्या दिशेने दूरवर पसरली असेल, तर मात्र उरलेला धातू अचानक दगा देण्याची शक्यता वाढते. पेन्लीच्या प्रकरणात १५५ मिलिमीटर लांबीची चिंता वाटली ती म्हणूनच.

दुरुस्ती कशी होते?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बाधित भाग कापून नवा बसविणे. तो सोपा मात्र नाही. भट्टीतून इंधन काढावे लागते, यंत्रणेतील पाणी उपसावे लागते, नळाच्या आतील किरणोत्सारी थर रसायनांनी धुवावा लागतो. नवा नळ आधीच तंतोतंत मापाने घडवलेला असावा लागतो. अन्यथा टोके ओढून जुळविण्याची वेळ येते आणि नवा ताण निर्माण होतो. शक्य तेथे नळाभोवती फिरणारे स्वयंचलित यंत्र जोडकाम करते. आतल्या बाजूने ऑर्गॉन वायू सोडून वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण केले जाते. प्रत्येक जोडाची पुढे क्ष-किरण आणि अन्य चाचण्यांनी परीक्षा होते. फ्रान्समध्ये एकाच वेळी इतके काम निघाले, की कुशल हात अपुरे पडले आणि २०२२ मध्ये अमेरिका व कॅनडातून सुमारे शंभर वेल्डर आणि पाइप जोडारी आणावे लागले.

दुसरा मार्ग भेग तशीच ठेवून तिला निष्प्रभ करण्याचा आहे. जोडाच्या बाहेरून नळाभोवती क्षरणरोधक धातूचे थरावर थर चढवून जाड कडे बनविले जाते. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो. थंड होताना ती आकसते आणि लाकडी चाकाला घट्ट आवळते. हे वेल्डचे कडे त्याच तत्त्वावर काम करते. आकसताना ते नळाला आवळते, आतल्या पृष्ठभागावरील खेच-ताण दाबात बदलतो आणि भेगेची वाढ थांबते. कडे स्वतःच पुरेसे जाड असेल, तर मूळ भिंतीची ताकद हिशेबात धरावी लागत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिची उणीव म्हणजे जाड कड्याआडून पुढची अल्ट्रासोनिक तपासणी अधिक कठीण होते.

भेग पडण्यापूर्वीचे उपायही आहेत. जोडाशेजारी नळाला यांत्रिक पट्ट्याने बाहेरून दाबून ताणाची दिशा बदलली जाते, किंवा पृष्ठभागावर जोरदार जलझोत वा लेसरचे ठोके देऊन पातळ दाबयुक्त थर निर्माण केला जातो. जोड घासल्यावर कडक थर राहणार नाही इतपत पृष्ठभाग गुळगुळीत करणे, हा त्यांतील सर्वांत साधा उपाय होय.

या सर्व कामांची आणखी एक किंमत असते. नळांच्या आतल्या थरात कोबाल्ट-६० सारखी किरणोत्सारी द्रव्ये बसलेली असतात आणि माणसांना त्यांच्या जवळ तासन् तास काम करावे लागते. भारतात अणुकर्मचाऱ्यांसाठी एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आणि पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. निष्णात वेल्डरची मात्रा मर्यादेजवळ आली, की त्याला कामावरून हटवावे लागते. म्हणूनच आधी लाकडी वा पोलादी प्रतिकृतीवर सराव करून घेतला जातो. पहिल्याच प्रयत्नात साधलेला जोड ही येथे सुरक्षेची दुहेरी हमी ठरते. तो दुरुस्त करावा लागत नाही आणि कामगारावरील किरणोत्साराचा भारही वाढत नाही.

तारापूर आणि जैतापूर

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. त्यांच्यातून २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. क्षरणभेगांचा प्रश्न अमेरिकेत ज्या कुळातील भट्ट्यांत उद्भवला, त्याच कुळातील या भट्ट्या. मूळ २१० मेगावॉट क्षमता पुढे प्रत्येकी १६० मेगावॉटवर आणण्यात आली. भारतात या प्रकारच्या भट्ट्या याच दोन असल्याने त्यांचे नळ, जोड आणि पाण्याचे रसायन यांचा अनुभव येथील अभियंत्यांना स्वतःच्या हिमतीवर जमवावा लागला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात या प्रकारच्या क्षरणाचा दीर्घकाळ अभ्यास होत आला आहे. २०२० मध्ये दोन्ही भट्ट्या थांबविण्यात आल्या आणि त्यांच्या पुनराभिसरण यंत्रणेचे नळ बदलण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. अर्धशतक चाललेल्या भट्टीत असे काम करणे म्हणजे वर वर्णन केलेल्या प्रत्येक अडचणीला सामोरे जाणे होय.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या भारतीय बनावटीच्या, ५४० मेगावॉटच्या जड पाण्याच्या आहेत. त्यांचे मुख्य नळ साध्या कार्बन पोलादाचे असतात. तेथे हीच व्याधी त्याच रूपात उद्भवत नाही. वाहत्या पाण्याने भिंत पातळ होणे हा तेथील स्वतंत्र प्रश्न आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे 'ईडीएफ'च्या तंत्रज्ञानावर आधारित १६५० मेगावॉटच्या सहा 'ईपीआर' अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये त्यासाठी तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव सादर केला. त्याच वर्षअखेरीस कंपनीच्या मायदेशातील भट्ट्यांत भेगा उघड झाल्या. 'ईपीआर' ही वेगळी रचना आहे, त्यामुळे सिव्हो किंवा पेन्लीचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र वेल्डिंगचा प्रश्न तिलाही चुकला नाही. फ्रान्समधील फ्लामांव्हील येथील 'ईपीआर' प्रकल्पात मुख्य वाफवाहिन्यांचे आठ जोड अपेक्षित दर्जाचे नसल्याने ते दुरुस्त करण्यास नियामक संस्थेने २०१९ मध्ये भाग पाडले. तेथे भेगा नव्हत्या. जोड ठरलेल्या गुणवत्तेचे नव्हते एवढेच. ती भट्टी अखेर २१ डिसेंबर २०२४ रोजी वीजजाळ्याला जोडली गेली, मूळ वेळापत्रकाच्या बारा वर्षे उशिराने.

नोंदवहीचे मोल

फ्रान्सची अणुवीज २०२४ मध्ये पुन्हा ३६१ अब्ज युनिटांच्या घरात पोहोचली आणि देश पूर्ववत वीज निर्यात करू लागला. पण व्याधी समूळ नाहीशी झाली असे कोणी म्हटले नाही. जून २०२५ मध्ये सिव्होच्या दुसऱ्या अणुभट्टीत पुन्हा क्षरणभेगेच्या खुणा आढळल्याचे कंपनीने कळविले. तपासणीचे चक्र चालू राहणार, हेच त्यातून अधोरेखित झाले.

या सर्व घटनांत एक सूत्र समान आहे. प्रत्येक वेळी भेग अशा ठिकाणी निघाली, जेथे ती निघणार नाही असे आधी ठरवून टाकले होते. लहान नळांनंतर मोठे नळ, अधिक कार्बनच्या पोलादानंतर कमी कार्बनचे पोलाद, प्राणवायूयुक्त पाण्यानंतर प्राणवायूविरहित पाणी, अशी ती एकेका गृहीतकाच्या पुढे सरकत गेली. तिच्याविरुद्ध उपयोगी पडली ती आधीची खात्री नव्हे. कापून पाहण्याची तयारी आणि जपून ठेवलेल्या नोंदी उपयोगी पडल्या. जोड कोणी केला, त्यात दोष कोणता निघाला, किती खोल घासून काढला, कितव्यांदा दुरुस्त केला, हे लिहून ठेवणे उभारणीच्या धावपळीत कंटाळवाणे वाटते. जैतापूरसारखा प्रकल्प उभा राहिलाच, तर तेथील जोडांना साठ वर्षे काम करायचे आहे. त्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी कोणाकडे राहतील, स्वतंत्र नियामकाला त्या कशा पाहता येतील आणि दोष आढळल्यावर तो जनतेला केव्हा कळेल, याची उत्तरे पहिला जोड होण्यापूर्वीच निश्चित व्हायला हवीत.